नागपुरात पाम लावताय? आधी मे महिना बघा, मग नर्सरी

घराचं काम आटपलं, कंपाउंड वॉल झाली, गेट लागलं, की विषय निघतो बगिच्याचा. बेसा, मनीषनगर, जामठा, कुठल्याही नव्या लेआउटमध्ये फिरा; गेटच्या दोन्ही बाजूंना दोन पाम हमखास दिसतात. पुढच्या जूनपर्यंत त्यातले कितीतरी वाळलेले असतात आणि घरमालक म्हणतात, "आपल्याकडचं ऊनच असं."

ऊन हे अर्धंच कारण आहे. ही झाडं जिथली आहेत तिथेही ऊन पडतं, पण तिथल्या हवेत ओल असते. आपल्याकडे मे महिन्याच्या दुपारी हवेतली आर्द्रता २० टक्क्यांच्याही खाली जाते, वरून लू, म्हणजे उन्हाळ्यातला तापलेला कोरडा वारा, वाहते, आणि मूळ जितकं पाणी ओढतं त्यापेक्षा जास्त पानातून उडून जातं. २३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ अंशांची नोंद झाली होती. दुसरा कठीण काळ ऑगस्टचा. काळ्या मातीत पाणी साचतं आणि मुळं गुदमरतात. तिसरा डिसेंबर-जानेवारीच्या रात्रींचा. डिसेंबर २०१८ मध्ये पारा ३.५ अंशांवर आला होता. जे झाड हे तिन्ही काळ निभावतं तेच आपल्या बागेतलं. बाकी सगळी फोटोत बघायची.

पहिल्यांदाच बाग करणाऱ्यांसाठी सगळं क्रमाने लिहितो आहे.

१. प्लॉटवर एक दिवस घालवा

सकाळी नऊ, दुपारी एक आणि दुपारी चार, या तीन वेळी प्लॉटवर कुठे ऊन आणि कुठे सावली आहे ते कागदावर उतरवा. पश्चिमेची बाजू वेगळ्या रंगाने दाखवा. नागपुरात तीच सगळ्यात अवघड. भिंत दिवसभर तापते आणि रात्री उशिरापर्यंत धग सोडते. पूर्वेकडची जागा नाजूक झाडांना राखून ठेवा.

त्याच कागदावर सेप्टिक टँक, ड्रेनेज, नळाची आणि बोअरची पाइपलाइन दाखवा. मग मान वर करा आणि विजेच्या तारा बघा. तारेखाली रॉयल पाम लावला तर दहा-बारा वर्षांत छाटायची वेळ येते, आणि पामचा शेंडा छाटला की झाड मरतं. एका खोडाच्या पामला वाढीचा कोंब एकच असतो, आंब्या-लिंबासारखी बाजूने फूट येत नाही. तोडायचं ठरवलं तरी महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी काढावी लागते, आपल्या कंपाउंडमधलं झाड असलं तरी.

"पामची मुळं पाया उचलतात" ही भीती मात्र काढून टाका. पामची मुळं तंतूंसारखी असतात, वर्षागणिक जाड होत नाहीत. पिंपळ-उंबर भिंत फोडतात तसं पाम करत नाही. अंतर सोडायचं ते झावळ्यांसाठी.

२. माती ओळखा

नागपूरची मूळ माती काळी, कापसाची. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. या भेगा नुसत्या दिसायला वाईट नसतात. माती फाटते तेव्हा त्यात धरलेली बारीक मुळंही तुटतात. शिवाय ही माती अल्कधर्मी, बऱ्याच ठिकाणी चुनखडीयुक्त. अशा मातीत लोह असूनही झाडाला उचलता येत नाही आणि नवी पानं पिवळी पडतात.

नव्या लेआउटमध्ये प्रकरण आणखी बिघडलेलं असतं. प्लॉट उंच करायला मलबा टाकतात, त्यावर सहा इंच माती पसरतात आणि वर लॉन. खाली विटांचे तुकडे, सिमेंट, प्लास्टरचा चुना. तुमच्याकडे काय आहे ते सब्बलने दोन-तीन ठिकाणी दीड-दोन फूट खणून बघा. मातीच्या कोरड्या ढेकळावर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर टाका. बुडबुडे आले तर चुना भरपूर आहे.

मग निचरा बघा. दीड फूट खोल खड्डा काठोकाठ पाण्याने भरा, ते जिरू द्या आणि पुन्हा भरा. दुसरं पाणी दुसऱ्या दिवशी सकाळीही उभं असेल तर त्या जागी जमिनीच्या पातळीत पाम लावायचा नाही. उंचवटा करावा लागेल. तो कसा, ते पुढे येतं.

शक्य असेल तर सरकारी प्रयोगशाळेत माती तपासून घ्या. चार-पाच ठिकाणची माती एकत्र कालवून त्यातली अर्धा किलो द्यायची, सामू (पीएच) आणि मुक्त चुना यांची नोंद मागायची. देशभरच्या मातीचं सर्वेक्षण करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेचं मुख्यालय आपल्याच अमरावती रोडवर आहे, आणि आपण मातीकडे न बघता झाडं घेतो, याचं मला वाईट वाटतं.

३. यादी मे महिन्यात करा

सगळ्यात उपयोगी पायरी हीच, आणि नेमकी हीच सगळे गाळतात. नर्सरी जुलैत बघितली तर तिथलं प्रत्येक झाड सुंदर असतं. म्हणून नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू होण्याच्या आसपास, २० ते ३० मेच्या दरम्यान, सकाळी लवकर फिरायला निघा. महाराजबाग, तेलंगखेडीची बाग, सिव्हिल लाइन्समधल्या जुन्या बंगल्यांची आवारं आणि तुमच्या आसपासची दहा वर्षांहून जुनी घरं बघा. त्या दिवसांत जे हिरवं आहे ते वहीत लिहा. माझी यादी अशी बनली:

डोळे मिटून लावा

*शिंदी.* आपल्याच नाल्याकाठची. ऊन, थंडी, काळी माती, काही दिवस साचलेलं पाणी, सगळं सोसते. मोठं झाड उचलून लावलं तरी बहुधा जगतं. फक्त झावळीच्या बुडाशी सुयांसारखे काटे असतात. खोड उंच होईपर्यंत ते लहान मुलांच्या डोळ्यांच्या उंचीला येतात. म्हणून वाटेपासून आठ फूट आत लावा.

*बिस्मार्क पाम.* मूळचा मादागास्करचा. रुपेरी, पंख्यासारखी मोठी पानं. मुळं धरली की आपला उन्हाळा त्याला जड जात नाही. मात्र जागा मोठी लागते, चहूबाजूंनी दहा-बारा फूट. मुळांना हात लावलेला खपत नाही, म्हणून लहानच घ्या आणि एकदा लावल्यावर जागा बदलू नका.

*वॉशिंग्टोनिया.* मूळ अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडच्या कोरड्या भागातला आणि मेक्सिकोचा. उंच होतो. लहान घराला शोभत नाही, फार्महाउसच्या रस्त्याला छान.

*ताड.* जागा आणि धीर दोन्ही असतील तर. वाढ फार हळू. ताडगोळे खायची इच्छा असेल तर लक्षात ठेवा, नर-मादी झाडं वेगळी असतात आणि रोपावरून ओळखता येत नाहीत.

पाण्याची सोय असेल तर लावा

*फॉक्सटेल.* मध्यम बागेसाठी माझी पहिली पसंती. ऑस्ट्रेलियातल्या केप यॉर्कचं हे झाड. शास्त्रज्ञांनी त्याचं वर्णन केलं ते १९८३ मध्ये. पूर्ण ऊन आवडतं, जुनी झावळी आपोआप गळते. चुनखडी मातीत नवी पानं पिवळी पडतात, त्याची तयारी ठेवा.

*रॉयल पाम.* मोठ्या प्लॉटवरच. झावळी दहा-बारा फुटांची, वजनदार, आणि सांगून पडत नाही. कार पार्किंगजवळ नको. उन्हाळ्यात पाणी कमी पडलं की लहान राहतो आणि खोड मधेच बारीक होतं, ती खूण कायमची राहते.

*चायनीज फॅन पाम.* लहानपणी सावली, मोठेपणी ऊन.

*नारळ.* बोअर असलेल्या घरी झाड वाढतं, काही ठिकाणी फळही धरतं. कोकणासारख्या घडांची अपेक्षा ठेवू नका.

फक्त पूर्वेला किंवा आडोशाला

*अरेका.* सगळ्यात जास्त विकला जाणारा आणि सगळ्यात जास्त होरपळणारा. एप्रिल सरता सरता पानाची टोकं तपकिरी होतात, मग कडा, आणि शेवटी पान चिमटीत धरलं की चुरा होतो. पूर्वेच्या भिंतीलगत किंवा मोठ्या झाडाखाली तोच अरेका वर्षभर हिरवागार राहतो. *लेडी पाम* पूर्ण सावलीत, पोर्चमध्ये. *बॉटल पाम* मॉरिशसजवळच्या बेटावरचा. लूपेक्षाही त्याला जानेवारीची थंडी बाधते. *फिशटेल* आडोशाला बरा, पण फळाचा रस अंगाला लागला तर जोरात खाज सुटते.

सुपारी आणि ऑर्किड आपल्या उघड्या बागेत नको. रामटेकच्या पानमळ्यांत वेलीला मांडवाची सावली आणि सततचं पाणी का देतात ते एकदा जाऊन बघा, म्हणजे कारण समजेल.

नावात पाम आणि जातीने वेगळी अशी तीन झाडं नर्सरीत भेटतील. *सायकस* ऊन-थंडी छान सोसतं. पावसाळ्यात त्याची नवी पानं एकदम फुटतात, तेव्हा रोज बघा. कोवळ्या गुंडाळलेल्या पानांवर मुंग्यांची ये-जा दिसली तर तिथे बारीक अळ्या असतातच. एका निळ्या फुलपाखराच्या त्या अळ्या. मुंग्या त्यांच्याजवळच्या गोड स्रावासाठी येतात. दोन-तीन दिवस दुर्लक्ष झालं की अख्ख्या वर्षाची पानं खलास. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने किंवा निंबोळी अर्काने आवर घालता येतो. सायकसच्या बिया विषारी आहेत. घरी कुत्रं असेल तर बिया धरलेलं झाड अंगणात ठेवू नका. *ट्रॅव्हलर्स पाम* वाऱ्याने फाटतो, त्याला दोन भिंतींच्या कोपऱ्यात जागा द्या. *पोनीटेल पाम* मेक्सिकोचं, बुंध्यात पाणी साठवणारं; विसराळू माणसासाठी उत्तम.

पामखाली काय लावायचं? चाफा, जास्वंद, बोगनवेल, मधुमालती, कर्दळ आणि अडेनियम उन्हात. मॉन्स्टेरा, मनीप्लांट, अळूचे प्रकार, ड्रॅसिना आणि स्नेक प्लांट सावलीत. हेलिकोनिया आणि सोनटक्का पावसाळ्यात बागेचं रूप पालटून टाकतात. हिवाळ्यात त्यांची पानं करपतात पण कंद जिवंत असतो. उपटू नका, होळीनंतर वाळलेला भाग कापा. एक्झोरा मात्र चुनखडी मातीत कायम पिवळा दिसतो. तो कुंडीत बरा.

४. नर्सरीत डोळे उघडे ठेवा

आपल्या नर्सऱ्यांमधला पुष्कळ माल आंध्र प्रदेशातल्या राजमहेंद्रीजवळच्या कडियमहून ट्रकने येतो. तिथली हवा दमट. ट्रकमधून उतरलेलं झाड तीन-चार आठवडे नागपूरच्या हवेत राहिलंय का, ते विचारा. नुकतं आलेलं असेल तर पैसे द्या, पण झाड महिनाभर नर्सरीतच राहू द्या. किंवा घरी आणून ग्रीन नेटखाली ठेवा.

या झाडांच्या मुळांभोवती बहुधा लाल मातीचा घट्ट गड्डा असतो. तो काळ्या मातीत जसाच्या तसा ठेवला तर दोन मातींत पाणी सारखं फिरत नाही. बाहेर चिखल आणि गड्डा आत कोरडा, असं होतं. उपाय लागवडीच्या पायरीत दिला आहे.

घेताना एवढं तपासा:

- बुंधा धरून हलकेच हलवा. झाड पिशवीत डुगडुगत असेल तर ते नुकतंच जमिनीतून काढलेलं आहे.
- मधला पोंगा, म्हणजे न उमललेलं पान, हिरवं आणि घट्ट हवं. हलक्या ओढीने हातात आलं तर कोंब कुजला आहे.
- पिशवीच्या भोकातून एखादं मूळ बाहेर डोकावलेलं चालेल, जाड वेटोळी नकोत.
- पानामागे पांढरा कापसासारखा थर म्हणजे पिठ्या ढेकूण ही कीड.

बॉटल पाम म्हणून लहान रॉयल पाम सर्रास दिला जातो, कारण लहानपणी दोघांचाही बुंधा फुगीर दिसतो. खऱ्या बॉटल पामच्या रोपाच्या देठांवर तांबूस छटा असते आणि एका वेळी चार-सहाच पानं असतात. हा फरक दहा वर्षांनी कळला तर तुमच्या खिडकीसमोर पन्नास फुटांचा खांब उभा राहायला लागलेला असतो.

आणि आकाराचा मोह टाळा. तीन-चार फुटांचं रोप आपल्या हवेशी जुळवून घेतं. दहा फुटांच्या झाडाला ते फार कठीण जातं.

५. जमवायचं सामान

टिकास, फावडं, सब्बल, घमेलं. चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत. कच्चं शेण चालत नाही, त्याने वाळवी येते. निंबोळी पेंड. मुरूम किंवा जाड वाळू, पण चुनखडीचा पांढरट मुरूम घेऊ नका. ५० टक्के सावलीचं ग्रीन नेट, बांबू, सुतळी, पाचटाचं किंवा वाळलेल्या पानांचं आच्छादन. कागदपत्रांत घराचा पाइपलाइन दाखवणारा नकाशा हाताशी ठेवा. फ्लॅट स्कीमच्या सामाईक जागेत लावायचं असेल तर सोसायटीची लेखी संमती घ्या. नर्सरीची पावती जपा आणि त्यावर झाडाचं नाव लिहून घ्या.

६. खड्डा आणि लागवड

खड्डे एप्रिल-मेमध्ये काढा आणि उघडे तापू द्या. दोन-अडीच फूट रुंद, दोन फूट खोल. काळ्या मातीत सब्बलने खणलेल्या खड्ड्याच्या भिंती गुळगुळीत होतात आणि खड्डा हौदासारखा पाणी धरून ठेवतो. म्हणून भिंतींवर टिकासाने आडवेतिडवे ओरखडे मारा. तळाशी नुसती गिट्टी टाकून निचरा होत नाही. पाण्याला बाहेर जायला वाटच नसते.

भरायला निघालेली माती दोन भाग, मुरूम एक भाग, शेणखत एक भाग, वर दोन मुठी निंबोळी पेंड. निचऱ्याच्या चाचणीत जागा नापास झाली असेल तर खड्डा उथळ ठेवा आणि जमिनीवर एक-सव्वा फुटाचा, चार-पाच फूट रुंद उंचवटा करून त्यावर लावा. आपल्याकडे ऑगस्टमध्ये पाम वाचतो तो बहुतेक वेळा याच उंचवट्यामुळे.

वेळ: मृगाच्या पहिल्या सरीला घाई करू नका, पाऊस दडी मारतो. आर्द्रा लागली, दोन-तीन दमदार पाऊस झाले, जमीन थंडावली की लावा. जूनअखेर ते जुलैचे पहिले दोन आठवडे सर्वांत चांगले. पामची मुळं उबदार, ओल्या मातीतच जोमाने वाढतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये नर्सरीत फुलांची आणि रोपांची रेलचेल असते आणि लोक भरभरून नेतात, पण तेव्हा लावलेल्या झाडाला मुळं धरायला जेमतेम दोन महिने मिळतात.

पिशवी ब्लेडने कापा, ओढू नका. लाल मातीचा गड्डा पाण्याच्या बादलीत बुडबुडे थांबेपर्यंत ठेवा. मग बाहेरचा बोटभर थर हाताने हलका मोकळा करा. बिस्मार्कचा मात्र करू नका. मुळं आणि खोड जिथे मिळतात ती जागा जमिनीच्या बरोबर, किंबहुना बोटभर वरच असू द्या. "हलू नये म्हणून" खोल पुरलेला पाम दोन-तीन वर्षं नुसता उभा राहतो, नवं पान टाकत नाही आणि मग जातो. हलत असेल तर तीन बांबूंचा आधार द्या. खोडाला खिळा कधीही ठोकू नका. पामची जखम भरून येत नाही.

७. पाणी, आणि ते कुठलं

पेंच-कन्हानचं नळाचं पाणी सगळ्यात बरं. बोअरचं पाणी बऱ्याच भागांत जड असतं. जमिनीतल्या मोठ्या झाडांना चालतं, कुंडीतल्या अरेकाला नाही. आरओचं टाकाऊ पाणी कुंडीत अजिबात नको.

कूलरचं उरलेलं पाणी झाडांना घालायची आपल्याकडे घरोघरी सवय आहे. ती सोडा. दिवसभर पाणी उडून जातं आणि क्षार टाकीत उरतात. कूलरच्या ताट्यांवर जो पांढरा थर जमतो तोच मग झाडाच्या मुळाशी जातो. उलट एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी जवळजवळ क्षारमुक्त असतं. त्याखाली बादली ठेवा आणि अरेका, लेडी पाम, ड्रॅसिना यांना द्या.

८. पहिला उन्हाळा

मार्च लागताच बुंध्यापासून चार बोटं सोडून तीन-चार इंच आच्छादन पसरा. भेगा पडत नाहीत, मुळं तुटत नाहीत. आळं बुंध्याला चिकटून नको, दीड फूट बाहेर गोल करा. पाणी रोज तांब्याभर देण्यापेक्षा दोन-तीन दिवसांआड भरपूर द्या, संध्याकाळी किंवा पहाटे. द्यायचं की नाही हे वरून ठरवू नका. लोखंडी सळई फूटभर खुपसा. टोकाला चिकट माती लागून आली तर आज पाणी नको. काळी माती वरून दगडासारखी सुकलेली आणि आत ओली असते.

पश्चिमेकडून ग्रीन नेट उभं बांधा. वरून झाकण्यापेक्षा ते जास्त उपयोगी, कारण लू बाजूने येते. नेट पहिल्या पावसानंतर ढगाळ दिवशीच काढा.

करपलेल्या झावळ्या लगेच कापू नका. अर्धी हिरवी असलेली झावळीही झाडाला अन्न देते. पूर्ण वाळली की कापा. दरवर्षी दिवाळीच्या साफसफाईत माळी पामची सगळी पानं कापून वर झाडूएवढा झुपका ठेवतात, तेही करू देऊ नका.

९. पानं पिवळी पडली तर

कोणती पानं, ते आधी बघा. नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोहाची कमतरता. दुकानात चिलेटेड आयर्न, म्हणजे झाडाला उचलता येईल अशा रूपातलं लोह, मागाल तर बहुधा ईडीटीए प्रकारचं मिळेल. आपल्या अल्कधर्मी मातीत ते टिकत नाही, ईडीडीएचए मागा. नवी पानं आखूड, चुरगळल्यासारखी येत असतील तर मँगनीज. जुन्या पानांवर पिवळे-नारिंगी ठिपके आणि टोकं करपलेली असतील तर पोटॅश. अशा वेळी जुनी पानं कापली तर झाड पोटॅश वरच्या पानांतून ओढायला लागतं आणि दुखणं वर चढतं. जुन्या पानाच्या कडा पिवळ्या, मध्य हिरवा, तर मॅग्नेशियम सल्फेट द्या.

खत जुलै आणि सप्टेंबरमध्ये, बुंध्याशी नाही तर आळ्यात पसरून. पहिल्या वर्षी फक्त गांडूळखत. दसऱ्यानंतर खत बंद करा. थंडीत कोवळी वाढ नको.

१०. पावसाळ्यात शेंड्याकडे नजर

नवी झावळी उमलली आणि तिच्यावर कात्रीने कापल्यासारखे तिरपे काप दिसले, तर गेंड्या भुंगा आला. तो शेणखताच्या ढिगात वाढतो, म्हणून उकिरडा बागेत साठवू नका. असेलच तर उलथून पांढऱ्या जाड अळ्या वेचून काढा. झावळ्यांच्या बेचक्यात वाळू आणि निंबोळी पेंड मिसळून भरा. सोंड्या भुंगा जास्त घातक, कारण त्याच्या अळ्या आतून खोड पोखरतात. खोडावर भोक, तपकिरी चिकट स्राव आणि चोथा दिसला तर त्याच दिवशी कृषी महाविद्यालयाच्या कीटकशास्त्र विभागात फोटो घेऊन जा.

पाइपने पाणी देताना शेंड्यात धार मारू नका, कोंबकूज तिथूनच सुरू होते. मधलं पान मलूल होऊन कलंडलं तर ते काढा, कुजलेला भाग स्वच्छ सुरीने खरवडा, बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावा आणि वर पाऊस पडू नये असं प्लास्टिक बांधा. दोन-अडीच महिन्यांत मधून हिरवं टोक वर आलं तर झाड वाचलं. नाही आलं तर खड्डा मोकळा करा, माती काढून टाका आणि पुढच्या एप्रिलमध्ये तो पुन्हा उन्हात तापू द्या.